प्रत्येकी

पाळणाघराच्या ताईंनी तिचा फोन नंबर विचारला आणि तिने सर्व्हरचा पत्ता सांगितला.

झालं असं, की ताईंचा फोन बादलीत पडून गेला होता आणि नव्या फोनमध्ये त्या सगळ्या आयांचे नंबर पुन्हा भरून घेत होत्या. दारात, चपलाबुटांच्या ढिगाशेजारी, एका खांद्यावर लेक आणि दुसऱ्या खांद्यावर लेकीची पिशवी अशी ती उभी होती, आणि शाळेत पाढा म्हणावा तशी, न अडखळता म्हणाली, "घ्या. दहा, टिंब, वीस, टिंब, एक, टिंब, चौदा." ताईंनी दोन आकडे दाबले आणि मान वर केली. "टिंब कुठून आलं हो मध्येच? फोन नंबरला टिंब असतं होय?" मागे मुलाला घेऊन उभ्या असलेल्या एका गृहस्थांना हसू आवरेना. तीही हसली. आणि हसता हसता तिला कळलं की खरा नंबर तिला आठवत नाहीये. जिभेवर आलाय, आत्ता येईल, असंही नाही. तिथे काही नव्हतंच. घरातलं जुनं कपाट हलवल्यावर भिंतीवर त्याच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन दिसतो, तेवढी रिकामी, तेवढी नीटनेटकी जागा. "असू द्या, मिसकॉल द्या," ताई म्हणाल्या. "माझ्याकडच्या निम्म्या आया अशाच. पोराबरोबर थोडं डोकंही बाहेर येतं बाईचं. परत भरतं हळूहळू." त्यांनी पिल्लूला घेतलं. पिल्लूने जाताना आईची बट मुठीत धरली होती ती सोडली, आणि जणू रोजचा व्यवहार आटोपला अशा चेहऱ्याने ताईंच्या खांद्यावर मान टाकली.

मिसकॉल गेला, ताईंचा प्रश्न मिटला. तिचा मिटला नाही. ऑफिसपर्यंतचा रस्ता पायाखालचा होता. पाय आपोआप चालत राहिले आणि ती आत त्या रिकाम्या चौकोनासमोर उभी राहिली. कॉलेजात मैत्रिणी तिला विचारून फोन लावायच्या. कुणाचा वाढदिवस, कुणाचा परीक्षेचा आसनक्रमांक, कोणत्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर आकृती – तिला विचारलं की झालं. त्याचा तिला कधी गर्व वाटला नव्हता, जसा कुणाला आपल्याला दोन कान असल्याचा वाटत नाही. आता मात्र ती रोज एकदा तरी आपला कान चाचपून पाहत होती. दूध गॅसवर ठेवून कपडे वाळत घालायला गेली, एकदा. नवऱ्याला "अहो, ते हे" म्हणून हाक मारली आणि तो आला तेव्हा काय हवं होतं ते गेलं, एकदा. हे असं एकदा-एकदाच होत होतं, म्हणून त्याचं कधी फार काही वाटून घेतलं नव्हतं. आज मात्र रिकाम्या जागेत दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते तिच्या तोंडून तिच्याच आवाजात बोललं होतं.

ऑफिसच्या दाराशी पोचली तेव्हा कवी पायरीवरच उभा होता. त्याला सगळे कवी म्हणत, कारण त्याने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये काही बिघडलं की पडद्यावर यमक जुळवलेली सूचना येई: 'नोंद सापडत नाही आता, पुन्हा तपासून पाहा पत्ता.' तिला पाहून तो नुसता म्हणाला, "पडला."

"आजही?"

"आजही. तू जिन्यात असशील तेव्हाच. मोठ्या मॅडमनी मला तीनदा विचारलं, ती आली का, ती आली का. मी म्हटलं, येतेय, तिचं एक पाऊल पाळणाघरात असतं."

"असं म्हणालास?"

"जरा बऱ्या शब्दांत."

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांची ती एक मोठी साखळी होती. शहरात जागोजागी आणि शहराबाहेरही. कुणाचं रक्त कुठे घेतलं, त्यात काय सापडलं, ते कुणाला कळवायचं – सगळं ज्या एका यंत्राच्या पोटात जमा होई, ते यंत्र, म्हणजे सर्व्हर, सांभाळणं हे तिचं काम. सकाळी सगळीकडची खिडकी एकदम उघडे. रात्रीपासून उपाशी असलेली माणसं रांगेत, बाही वर करून, आणि बरोबर त्या वेळी या आठवड्यात यंत्र मान टाकत होतं. मग कुठे चिकटवायच्या पट्ट्या निघत नाहीत, कुठे काढलेलं रक्त बिननावाचं हातात राहतं, आणि उपाशी माणूस तो उपाशी माणूस. तो काउंटरवरच्या पोरीला काय काय बोलतो. यंत्र उठून उभं राहायला फार वेळ लागत नसे. पण तेवढ्यात सकाळ नासे.

मोठ्या मॅडम केबिनमध्ये उभ्याच होत्या. बसल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. "हे बघ," त्या म्हणाल्या, "मी तुला ओरडत नाहीये. सुट्टीवरून आल्यापासून तू किती धावपळ करतेस ते मला दिसतं. पण वर मला उत्तर द्यावं लागतं. मेमरी वाढवा म्हणालात, वाढवली. पुन्हा वाढवली. तरी पडतो. उद्या सकाळी पडला तर मी तो बाहेरच्या कंपनीकडे देणार. बोलणं झालंय माझं. तुला काढणार नाही, तक्रारींच्या टेबलावर जागा आहे, तिथे बस. तुझ्यासाठीही ते सोपं पडेल, नाही का? वेळेवर सुटशील." शेवटचं वाक्य त्या खरोखरच्या मायेने म्हणाल्या, आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. "बघते मॅडम," ती म्हणाली.

बघते. हा शब्द तिच्या आईचा. आई कुणालाही नाही म्हणत नसे, हो-ही म्हणत नसे; बघते म्हणे, आणि ते हो असे. शेजारच्या काकूंना पोस्टात जायचंय, बघते. आत्याच्या मुलाचा अभ्यास, बघते. बाबांची बदलीची कागदपत्रं, खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं औषध, शाळेच्या नाटकातल्या सगळ्या पऱ्यांचे पंख, बघते. आणि मग एके दुपारी, ती शाळेतून आली तेव्हा, आई उघड्या कपाटासमोर जमिनीवर बसली होती. काय काढायला आली होती ते तिला आठवत नसावं. तेवढंच. ती रडत नव्हती, दुखत काही नव्हतं. नुसती बसली होती, आणि "आई, काय झालं?" असं कितीदा विचारलं तरी बोलत नव्हती. संध्याकाळी उठली, दिवा लावला, स्वयंपाकाला लागली, आणि त्या दुपारबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, थकवा. बाबा घाबरले, प्रेमळ माणूस, त्यांनी कपडे धुण्याचं यंत्र आणलं. महिनाभराने त्या यंत्रात आत्याच्या घरच्या चादरीही फिरू लागल्या. "नाहीतरी तुझं मशीन लावतेच आहेस, त्यातच आमच्या चार टाक."

ती जागेवर येऊन बसली. पडद्यावर यंत्र शहाण्या मुलासारखं चालत होतं. पडून उठलं की ते नेहमीच असं दिसे: अंग हलकं, कपाळावर घाम नाही, जणू काही झालंच नाही. हीच तर पंचाईत होती. ते कशाने पडलं याचा पुरावा पडतानाच वाहून जाई. या सगळ्या नोंदी सांभाळणाऱ्या डेटाबेसच्या स्वतःच्या रोजनिशीत शेवटची ओळ अर्धवट तुटलेली असे आणि त्याखाली पुढची सुरुवात: मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो, सावरून घेत आहे. मध्ये काय झालं, त्याला माहीत नाही. मारलेला काय सांगणार? पण मारणाऱ्याने मात्र दुसरीकडे स्वच्छ लिहून ठेवलेलं होतं, आणि ते तिने पहिल्याच दिवशी वाचलं होतं.

नवऱ्याला एकदा तिने हे समजावलं होतं, भाजी निवडताना. यंत्राची डिस्क म्हणजे आपलं फडताळ, सगळा साठा तिथे. आणि मेमरी म्हणजे ओटा. काम करायचं तर वस्तू ओट्यावर काढावी लागते. कुणाला किती ओटा द्यायचा हे ठरवणारा आत एक मुकादम असतो. आणि मुकादम कसा, तर भिडस्त. जो येईल, एवढी जागा हवी म्हणेल, त्याला तो हो म्हणतो. आहे का नाही ते बघत नाही. त्याचा हिशोब असा, की माणसं मागतात पुष्कळ पण वापरतात थोडं. सगळे एकदम थोडेच येणार आहेत? आणि बहुतेक दिवस त्याचं खरं ठरतं. पण कधीतरी सगळे एकदम येतात आणि आपापला शब्द वसूल करायला बसतात. ओटा संपतो. मग या भिडस्त माणसाला एकच गोष्ट करता येते. ओट्यावर सगळ्यात जास्त जागा कोणी व्यापली आहे ते तो बघतो आणि त्याला तिथल्या तिथे मारतो. विचारपूस नाही, शेवटचा शब्द नाही. "आणि सगळ्यात जास्त जागा कोणाची असते?" तिने विचारलं होतं. नवरा म्हणाला, "चोराची." "नाही. जो सगळ्यांचं काम करतो त्याची." नवरा देठ खुडता खुडता थांबला होता, आणि मग म्हणाला होता, "ही भाजी जरा जून निघाली, नाही?"

मारेकरी माहीत होता, कारण माहीत होतं. खाणारा सापडत नव्हता. काल ती पिल्लूला पाळणाघर उघडायच्या आधीच ताईंच्या घरी सोडून, खिडक्या उघडायच्या वेळी पडद्यासमोर येऊन बसली होती. तिने सगळ्यांवर नजर ठेवली: हे अमुक केंद्र, हे तमुक केंद्र, ही रिपोर्ट छापणारी, ही बिलं करणारी. कुणीतरी अधाशी असणार, कुणीतरी ओट्यावर मांडी ठोकून बसलेला. तिला असा कुणी दिसला नाही. प्रत्येकजण आपापल्या कामापुरता, सभ्य, अंग चोरून. आणि एकूण आकडा मात्र चढत चढत भिंतीला लागला आणि सगळं काळं झालं. चोरी झाली होती, चोर नव्हता. तेव्हापासून तिला वाटत होतं की तो समोर होता आणि आपल्याला दिसला नाही. पूर्वी दिसला असता. पूर्वी म्हणजे पिल्लूच्या आधी, जेव्हा डोकं तिचं एकटीचं होतं. आणि उद्या जर यंत्र गेलं तर मोठ्या मॅडमच्या हातून जाणार नव्हतं, त्या रिकाम्या चौकोनातून जाणार होतं. तक्रारींच्या टेबलाचं तिला वाईट वाटत नव्हतं. तिथे चांगल्या मुली होत्या, हसायच्या, डबा वाटून खायच्या. पण तिथे बसली की ती मान्य केल्यासारखी होणार होती, की हो, गेलं ते. बाई आहे, बाळ आहे, डोकं गेलं. या एका यंत्राजवळ कारणाला कार्य होतं आणि कार्याला कारण. घरी पिल्लू रडली की पोट, दात, झोप, नजर, कुणी काहीही म्हणे आणि सगळंच खरं असू शके. इथे एकच खरं असे, आणि ते शोधलं की सापडे.

फोन थरथरला. सासूबाई. "कामात आहेस ना? मी काही फार बोलत नाही. एवढंच विचारायचं होतं, पिल्लूचं लोकरीचं टोपडं कुठे ठेवलंयस?" तिने सांगितलं. हे मात्र आठवलं: वरच्या खणात, उजवीकडे, निळ्या चादरीखाली. मग नवऱ्याचा निरोप आला: येताना तेवढं औषध आणशील का. मग पाळणाघरातून: लंगोट संपत आलेत, उद्या थोडे जास्त द्या. मग मोठ्या मॅडमचा: वरच्यांसाठी दोन ओळीत कारण लिहून दे, जास्त नको, दोनच ओळी. ती सगळ्यांना बघते म्हणाली.

दुपारी कवी चहाचे दोन कप घेऊन आला आणि तिच्या टेबलाच्या कडेला टेकला. तो तिच्यापेक्षा लहान होता, आणि ती सुट्टीवर होती तेव्हा सर्व्हर त्याने सांभाळला होता, कुरकुर न करता, जमेल तसा. म्हणून त्याला जाब विचारल्यासारखं वाटू नये याची ती काळजी घेत होती. "मी नव्हते तेव्हा काय काय हलवलंस, सांग ना एकदा. सहज."

"तीनदा सांगितलं माते."

"माते म्हणू नकोस. चौथ्यांदा सांग."

तो बोटं मोडत सांगू लागला. नवीन केंद्रं जोडली. रिपोर्टांचं पान सावकाश उघडायचं म्हणून दोन ठिकाणी सूची बांधली. बॅकअपची वेळ बदलली. "आणि नोंदींचा क्रम लावायला जी मेमरी देतो, तिचं तर तुला माहितीच आहे. सगळी केंद्रं बोंबलत होती, स्लो आहे, स्लो आहे. आधी ते अगदीच कंजूष होतं, चार एमबी का काहीतरी. मी सगळ्यांना दोनशे छप्पन दिलं. म्हटलं, सढळ हाताने द्यावं."

तिने हे खरोखर तीनदा ऐकलं होतं. दोनशे छप्पन. एवढ्या मोठ्या यंत्रात दोनशे छप्पन म्हणजे ओट्याचा एक कोपरा. ते तिने तीनदा ऐकून तीनदा सोडून दिलं होतं. चहाचा कप तोंडाशी नेताना मात्र तिच्या कानात दोनशे छप्पन राहिलं नाही, त्याच्या आधीचा शब्द राहिला. लहानपणी, सुट्टीत, सगळी भावंडं जमलेली असताना मामा बिस्किटांचा पुडा आणे आणि मोठ्याने म्हणे, सगळ्यांना एक! आणि एकदा धाकट्या मावसभावाने, जो नुकताच बोलायला लागला होता, भोकाड पसरलं होतं. त्याला वाटलं, सगळ्यांना एक म्हणजे एवढ्याशा एका बिस्किटात आपण सगळे. सगळे हसले होते. तो चुकला नव्हता. शब्दच तसा आहे.

तिने कप खाली ठेवला. "सगळ्यांना मिळून दिलंस की प्रत्येकी?"

"म्हणजे?"

"तू जेव्हा आकडा टाकलास, तेव्हा तुझ्या मनात काय होतं? सगळ्यांना मिळून दोनशे छप्पन, की येईल त्याला दोनशे छप्पन?"

"सगळ्यांना मिळूनच ना. म्हणजे..." कवी थांबला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला, लिफ्टमधून बाहेर येऊन आपण भलत्याच मजल्यावर आहोत हे कळावं तसा. "प्रत्येकी असतं ते?"

"प्रत्येकी. आणि एकेका माणसालाही एकदाच नाही. त्याच्या एका प्रश्नात चार ठिकाणी क्रम लावायचा असेल तर चारदा."

"आणि सकाळी एकदम शेकडो जण..."

"आणि तू मध्ये केंद्रं वाढवलीस."

कवीने डोक्याला हात लावला. "अरे देवा. मी दिलं थोडं, झालं पुष्कळ."

"यमक नको आत्ता."

"हे यमक नव्हतं, हुंदका होता."

ती हसली, आणि हसतानाच तिच्या अंगातून काहीतरी सैल झालं, जे किती दिवस आवळलेलं होतं ते सैल झाल्यावरच कळलं. म्हणून चोर दिसला नव्हता. चोर नव्हताच. काल डोळे उघडे ठेवून जे पाहिलं होतं तेच खरं होतं: प्रत्येकजण आपापल्या कामापुरता, सभ्य, अंग चोरून. तिची नजर गेली नव्हती. नजरेला जे दिसलं त्यावर तिने विश्वास ठेवला नव्हता, एवढंच. आणि मेमरी वाढवून काय होणार होतं? ओटा वाढला तशी केंद्रंही वाढली. तुझं मशीन लावतेच आहेस, त्यातच आमच्या चार टाक.

उपाय तिला उभा दिसत होता आणि त्यातला अर्धाच सोपा होता. प्रत्येकी द्यायचं ते कमी करायचं. ज्याला जास्त लागेल त्याने फडताळातून ने-आण करावी, जरा सावकाश होईल. हे सोपं. एका वेळी आत किती जणांना घ्यायचं ते ठरवायचं, बाकीच्यांनी दाराबाहेर रांगेत. आणि मुकादमाला शिकवायचं, की जेवढं आहे तेवढंच कबूल कर. नसेल तर तोंडावर नाही म्हण. ज्याला नाही म्हणशील त्याचं एक काम अडेल, तो पुन्हा मागेल. पण कुणाला मारायची वेळ येणार नाही.

"म्हणजे लोकांना थांबावं लागेल," मोठ्या मॅडम म्हणाल्या. आता त्या बसल्या होत्या.

"काहींना. थोडं."

"आणि कुणाला तरी नकारही येईल."

"येईल एखाद्याला. पुन्हा दाबलं की मिळेल."

"मी वर जाऊन काय सांगू? सर्व्हर सुधारला, आता तो नाही म्हणतो? थांबायलाच लावायचं तर माणसं वहीवर लिहीत होती तेच काय वाईट होतं?"

"मॅडम, आत्ता कुणीच थांबत नाही, म्हणून सगळेच थांबतात."

मोठ्या मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत अविश्वास नव्हता. दुसऱ्याच्या अंगावरचं कापड बोटांत धरून पोत बघावा तशी ती नजर होती. "खात्री आहे?"

पूर्वीची ती लगेच हो म्हणाली असती. हल्लीची ती बघते म्हणाली असती. "कारणाची खात्री आहे," ती म्हणाली. "उद्या लोक किती ओरडतील त्याची नाही."

"ओरडण्याचं मी बघेन," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "पण पडला तर बाहेरच्या कंपनीला माझा शब्द गेलेला आहे. मग मला भरीस घालू नकोस."

संध्याकाळी केंद्रांच्या खिडक्या बंद झाल्यावर तिने आणि कवीने आकडे बदलले. फार थोडे आकडे. बदलायला वेळ लागला नाही, वाचून बघायलाच लागला. प्रत्येक आकडा टाकण्याआधी कवी शहाण्या विद्यार्थ्यासारखा विचारी, "हा मिळून की प्रत्येकी?" घरी आली तेव्हा पिल्लू सासूबाईंच्या मांडीवर होती, टोपडं घालून, घरात मुळीच थंडी नसताना. नवऱ्याने कुकर लावला होता. जेवताना तो म्हणाला, "मी सोड म्हणत नाहीये. थोडे दिवस म्हणतोय. टेबलावरचं काम घे, पिल्लू चालायला लागेपर्यंत." त्याच्या आवाजात काही दुष्ट नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "मी काही मध्ये बोलत नाही बाई. पण एवढंच, की पोरगी आज दुपारी पाळणाघरात फार शोधत होती तुला म्हणे." कुणी काही फार मागत नव्हतं. भात वाढता वाढता ती ज्या सुरात मीठ मागावं त्या सुरात म्हणाली, "यावर उद्या बोलू. आज नको." नवऱ्याने मान वर केली, तो या वाक्यात पुढे 'बघते' यायची वाट बघत होता. ते आलं नाही. मग त्याने ताट पुढे करून भातच मागितला.

सकाळी ती जागेवर होती. कवी मागे उभा, मोठ्या मॅडम केबिनच्या दारात, हातात फोन. खिडक्या उघडल्या. पडद्यावरची रेष चढू लागली, रोजच्यासारखी, त्याच घाईने. तिने खुर्चीचा हात धरला. रेष जिथे रोज वेडीवाकडी होई तिथे आली, आणि तिथेच, एखादी बाई डोक्यावर हंडा घेऊन सपाटीला लागावी तशी, आडवी चालू लागली. शेजारच्या चौकटीत रांग लागली: बाहेर थांबलेले. दहा, वीस, चाळीस. माणसं थांबली आहेत, आपण थांबवली आहेत. आत हात घालून दार उघडावं, जरा सगळ्यांनाच आत घ्यावं, एवढंच तर मागतायत. तिने हात मांडीखाली घेतला.

फोन वाजला. शहराबाहेरचं केंद्र. "मॅडम, नुसतं गोल फिरतंय इथे," रक्त घेणारा माणूस म्हणाला. "पडला का पुन्हा?"

"नाही पडला. रांगेत आहात. थांबा."

"थांबा काय थांबा, समोर बाई आहेत बाळाला घेऊन. सुई टोचून झाली, बाटली माझ्या हातात आहे, नाव येईना. काय लिहू यावर, देवाचं नाव?"

"काही लिहू नका. बाटली खाली ठेवू नका. फोनही ठेवू नका, मी आहे."

आणि मग त्या गप्प झालेल्या फोनमधून ते बाळ ऐकू आलं. नुकतं टोचलेलं, सगळा दम पणाला लावून रडणारं, मध्येच श्वास घ्यायला थांबणारं, आणि थांबलं की अधिकच वाईट वाटावं असं. त्याच्या आईचा आवाज, झालं, झालं, संपलं. इकडे तिच्या छातीत दोन्ही बाजूंनी एकदम कळ आली आणि दूध भरून आलं. पिल्लू पाळणाघरात होती, खेळत असेल. हे कुणाचं कोण, कधी न पाहिलेलं. शरीराने विचारलं नाही. ओल कापडातून बाहेर येत होती आणि तिला हलता येत नव्हतं, कानाला फोन होता, डोळे रांगेवर होते. चाळीस. एकतीस. ते रडत होतं. अठरा.

"आलं," तो माणूस म्हणाला. "आलं हो मॅडम, निघाली पट्टी." आणि आभार मानायच्या आधीच पुढच्याला हाक मारायला तो फोन ठेवून गेला.

कवी मागून म्हणाला, "उभा आहे गं. अजून उभा आहे." मोठ्या मॅडम दारातून पुढे आल्या. "बरं चाललंय ना? आता मला जरा समजावून सांग, ही रांग म्हणजे नक्की काय, वर सांगायला. दोन मिनिटं फक्त."

ती उठली. जाकीट पुढे ओढून छातीशी धरलं. "थांबा जरा मॅडम. मी येते."

"आत्ता? मध्येच?"

"हो."

काय, कशाला, किती वेळ, हे तिने सांगितलं नाही. ती मोठ्या मॅडमच्या शेजारून गेली, पॅसेजमधून, टोकाच्या स्वच्छतागृहात, आणि कडी लावली. पांढऱ्या बेसिनवर वाकून तिने हाताने दूध पिळलं. ते आधी थेंबाथेंबाने आणि मग बारीक धारांनी पडलं, कोमट, किंचित निळसर, नळाच्या आवाजाशिवाय. पलीकडे रेष चालत असेल, किंवा नसेल. इथून काही दिसत नव्हतं, आणि न दिसूनही तिला ती चालताना दिसत होती. आरशात एक बाई होती, केस विस्कटलेली, डोळ्यांखाली काळं, ओठ थोडे उघडे, जणू काही आठवतेय. आठवत काही नव्हती. दुखरं होतं ते हलकं होत होतं, आणि त्या हलकं होण्याला अजून थोडा वेळ लागणार होता.

दारावर कुणीतरी टकटक केली. मग पुन्हा, जरा जोरात.

"आहे," ती आतून म्हणाली. "मी आहे."